खिशातील अँप्लिफायर : किती आवाज पुरे?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही मजुरीवर, नव्या कामगार संहितांवर किंवा यंत्रमागाच्या मंदीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे बोलतच आहोत आणि अंगात त्राण आहे तोवर बोलणारही आहोत. परंतु आज आम्ही मुद्दाम निराळा विषय मागून घेतला. संगीत ऐकण्यासाठी खिशात बाळगता येईल असा हेडफोनचा अँप्लिफायर कसा निवडावा, हा तो विषय. तो ऐकून चालकांपैकी एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "हा तर शौकिनांचा विषय!" आम्ही म्हटले, कामगाराला शौक नसतो असे आपणांस कोणी सांगितले? आणि दुसरे असे की, या लहानशा डबीच्या खरेदीत आम्ही स्वतः एकदा फसलो. फसणूक पैशाची होती तोवर सोसली. पण ती कानावर येऊ लागली, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. त्या हिशेबातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

आम्ही अभियंते नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे शिकणे मागावर, वाचनालयात आणि वाटाघाटीच्या टेबलावर झाले. या सभेत कोणी जाणकार असतील त्यांनी आमची चूक निःसंकोच दाखवावी.

आम्ही इचलकरंजीचे. या गावाच्या नावाला दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. एक म्हणजे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजविली आणि विष्णु दिगंबर पलुसकरांसारखा शिष्य घडविला. दुसरी म्हणजे यंत्रमाग. बुवांचा काळ १८४९ ते १९२६. गावात पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. म्हणजे बुवांच्या हयातीतच गावात सूर आणि खडखडाट शेजारी राहू लागले. आमच्या लहानपणी सुराचा एक तुकडा दर्ग्याच्या उरुसाला मिरजेहून कानी येई, एखादा रेडिओवरून येई; आणि बाकी चोवीस तास धोट्याचा आवाज. सतराव्या वर्षी आम्ही मागावर उभे राहिलो आणि दहा वर्षे उभे होतो. या गोष्टीचा आजच्या विषयाशी संबंध काय, ते पुढे येईल.

युनियनचे काम म्हणजे प्रवासाचे काम. आज कोल्हापूरला कामगार न्यायालयात तारीख, उद्या पुण्याला आयुक्तांकडे बैठक, परवा मुंबई. एसटीत बसल्यावर कानाला काही लावून जुने गवई ऐकणे, ही आमची एकच चैन. पूर्वी कॅसेटचे यंत्र होते, मग मोबाइल आला. परंतु २०१६ साली आयफोन ७ या फोनातून हेडफोनचे भोकच काढून टाकण्यात आले आणि मग एकामागून एक पुष्कळ कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला. ज्याच्या फोनाला भोक नाही त्याने तारेचा हेडफोन लावायचा म्हटले की फोनाबाहेर एक उपकरण आलेच. फोनात गाणे आकड्यांच्या रूपाने साठविलेले असते. त्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा एक भाग लागतो, त्याला डॅक म्हणतात. आणि त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलविण्याइतके बळ देणारा दुसरा भाग, तो अँप्लिफायर. आजकाल हे दोन्ही भाग बोटाएवढ्या एका नळीत बसवितात आणि ती फोनाला लोंबकळत ठेवतात. त्याहून मोठे बळ हवे असेल तर स्वतःची बॅटरी असलेली, विड्यांच्या बंडलाएवढी किंवा विटेच्या तुकड्याएवढी डबी मिळते. हजार-दीड हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत किमती आहेत. आता यांतून निवडावे कसे?

आमची कथा अशी. आमच्या पुतण्याने नोकरीच्या पहिल्या पगारातून आम्हांस एक हेडफोन दिला. जर्मनीतल्या बायरडायनामिक कंपनीचा, डीटी ७७० प्रो नावाचा, २५० ओहमचा. "काका, आता तरी चांगलं ऐका," म्हणाला. फोनाच्या साध्या जोडणीला तो लावला तर आवाज आम्हांस अपुरा वाटला. मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. तेथील विक्रेत्याने २५० हा आकडा पाहिला आणि मान हलवून सांगितले, "याला ताकद लागते. हजार मिलिवॉटच्या खाली बघूच नका." आम्ही बघितले नाही. जवळजवळ दीड महिन्याचे मानधन मोजून एक जड डबी घरी आणली.

पहिला आठवडा आनंदात गेला. मग ध्यानात आले की तंबोरा नीट ऐकू येत नाही. मिरजेच्या कारागिराने जवारी लावलेला तंबोरा म्हणजे चार तारांतून उठणारा एक झोत असतो; मूळ सुराच्या वर सुरांची जाळी पसरलेली असते. ती जाळी आम्हांस सापडेना. मग आवाज वाढविला. थोडी सापडल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी आणखी वाढविला. डबीत बळ भरपूर, वाढविण्याला आडकाठी नाही. दोन-तीन महिन्यांत रात्री निजताना कानात बारीक शिट्टी वाजू लागली. तपासणीला गेलो. तपासनिसाने आलेखावर बोट ठेवले. ४,००० हर्ट्झच्या जवळ रेषा खड्ड्यात गेली होती. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मागावर किती वर्षं होता?"

बंधुभगिनींनो, गोंगाटाने गेलेल्या कानाची ती खूणच आहे. कानाच्या आत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि खड्डा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास पहिला पडतो. तंबोऱ्याच्या जाळीचा वरचा भाग नेमका त्याच प्रदेशात. म्हणजे जे आम्हांस ऐकू येत नव्हते ते अँप्लिफायरमुळे नव्हे, मागामुळे. आणि मागाने नेलेले आम्ही अँप्लिफायरकडून परत मागत होतो. तो बिचारा उरलेलेही नेऊ लागला होता.

तेव्हा आम्ही ठरविले की ही खरेदी पुन्हा पहिल्यापासून करायची. मात्र या खेपेस मालकाच्या आकड्यांवर नव्हे, आपल्या आकड्यांवर. युनियनमध्ये आम्ही मागण्यांची सनद करतो तशी पाच प्रश्नांची एक सनद केली.

पहिला प्रश्न : माझ्या हेडफोनला लागते किती? येथे दोन आकडे पाहावे लागतात, एक नव्हे. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. डेसिबलचा आकडा म्हणजे एक मिलिवॉट शक्ती दिली असता किती आवाज निघतो ते. डेसिबलची मोजणी चढत्या पायऱ्यांची आहे : तीन डेसिबल वाढले की शक्ती दुप्पट लागते, दहा वाढले की दहापट. आमच्या हेडफोनचा आकडा आहे ९६ डेसिबल, एका मिलिवॉटला. २५० ओहमवर एक मिलिवॉट देण्यासाठी अर्धा व्होल्ट लागतो. आता ऐकायचे किती? सरासरी ८० डेसिबल हा चांगला भरघोस आवाज आहे. गाण्यात समेवर, तबल्याच्या थापेवर क्षणभर वीस डेसिबलची उसळी धरली, तर शंभर झाले. ९६ वरून १०० म्हणजे अडीचपट शक्ती, अडीच मिलिवॉट, व्होल्ट किती, तर सुमारे ०.८. फोनाची साधी चांगली जोडणी एक व्होल्टच्या आसपास देते. म्हणजे ज्या कामाला अडीच मिलिवॉट पुरत होते त्याला आम्हांस हजार मिलिवॉटची डबी विकली गेली!

पण न्याय दोन्ही बाजूंनी करावा. आमच्यापाशी जुन्या मैफलींच्या काही ध्वनिफितींवरून उतरविलेली गाणी आहेत, ती फार हळू भरलेली आहेत. आजच्या चित्रपटगीताहून दहा डेसिबलने सहज खाली. ती ऐकायची तर दहा डेसिबलची शिल्लक हवी. शंभरचे एकशे दहा धरले : पंचवीस मिलिवॉट, अडीच व्होल्ट. येथे साधी जोडणी तोकडी पडते, आणि पहिल्या दिवशी आम्हांस आवाज अपुरा वाटला त्यात एवढे तथ्य होते. परंतु गरज पंचविसाची होती, हजाराची नव्हे.

आणि केवळ ओहम पाहून चालत नाही याचे उलटे उदाहरणही आहे. हायफायमॅन कंपनीचा एचई-६ हा हेडफोन फक्त ५० ओहमचा. पण त्याचा डेसिबलचा आकडा ८३.५. तेवढेच एकशे दहा त्यातून काढायचे तर सुमारे ४५० मिलिवॉट लागतात, आमच्या अठरापट. विक्रेत्याच्या नियमाने पाहिले तर २५० ओहमवाला जड आणि ५० ओहमवाला हलका. हिशेब केला तर नेमके उलट. याच्या दुसऱ्या टोकाला कानात बसणारी लहान बोंडे : १६ ओहम, १०५ डेसिबलची असतील, तर एकशे दहासाठी पाव व्होल्टसुद्धा लागत नाही. अशा बोंडाला निराळा अँप्लिफायर घेणे म्हणजे सायकलला ट्रकचे इंजिन लावणे.

दुसरा प्रश्न : यंत्र देते किती, आणि कोणत्या भारावर? आमच्या धंद्यात मजुरी पिकावर ठरते. कोणी नुसते म्हणाला, "मीटरला एवढे पैसे देतो," तर आमचा अडाणी मागवालाही आधी विचारतो, "पीक किती?" कारण पीक सांगितल्याशिवाय मीटरच्या दराला अर्थ नाही. तसेच येथे. डब्यावर "१००० मिलिवॉट" असे ठळक छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत "३२ ओहमवर" असे. ३२ ओहमवर हजार मिलिवॉट म्हणजे सुमारे साडेपाच व्होल्ट. तेच यंत्र २५० ओहमवर सव्वाशे मिलिवॉटच्या आसपास देईल. आकडा खोटा नाही. पण तो आपल्या भारावरचा नाही. म्हणून जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा सोडून द्यावा आणि आपल्या ओहमवर किती व्होल्ट मिळतात तेवढे विचारावे. काही यंत्रांना ४.४ मिलिमीटरचे जाडे भोक असते, त्यास बॅलन्स्ड म्हणतात. त्यातून व्होल्ट साधारण दुप्पट मिळतात. जेथे बळ खरोखर कमी पडते तेथे ते उपयोगी. पण बळ पुरेसे असताना त्या भोकातून गाणे अधिक सुरेल येते, असा समज करून घेऊ नये.

तिसरा प्रश्न : मध्ये कोण खातो? अँप्लिफायरच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर त्याचा स्वतःचा काही अडथळा असतो. आम्ही त्याला मुकादम म्हणतो. तो प्रत्येक हप्त्यातून आपला वाटा काढून उरलेले पुढे देतो. सर्वांकडून सारखा काढला तर नुसता आवाज कमी होईल, बिघडणार नाही. पण कानातल्या काही बोंडांचा अडथळा सुरागणिक बदलतो. एखाद्या सुराला ८ ओहम, दुसऱ्याला ४०. मुकादमाचे १० ओहम असतील तर आठवाल्या सुराच्या पदरात शंभरातले ४४ पडतात आणि चाळीसवाल्याच्या ८०. फरक पाच डेसिबलचा. गवयाने सारख्या जोराने लावलेले दोन सुर आपणांस असमान ऐकू येतात. मुकादम एका ओहमचा असेल तर हाच फरक एक डेसिबलच्या आत येतो. म्हणून नियम असा : अँप्लिफायरचा अडथळा हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. १६ ओहमच्या बोंडाला दोन ओहमच्या आतला. आमच्या २५० वाल्याला हे भय नाही. दहा ओहम असले तरी त्याचे फारसे अडत नाही.

चौथा प्रश्न : शांततेत यंत्र काय बोलते? हा प्रश्न विक्रेते विचारू देत नाहीत, कारण दुकानात गोंगाट असतो. बळकट अँप्लिफायरला नाजूक बोंडे लावली की गाणे थांबले तरी मागे सूं असा आवाज राहतो. शिवाय आवाजाचा गोल खुंटा अगदी खालच्या टोकाला असताना स्वस्त यंत्रात एक कान मोठा आणि दुसरा बारीक ऐकू येतो. बळ फार असले की आपणांस त्याच खालच्या टोकात राहावे लागते; किंचित हात लागला की एकदम ओरडा. म्हणून घेताना यंत्र सुरू करावे, गाणे न लावता कान द्यावा. मग आवाज सर्वांत खाली आणून दोन्ही कान समान आहेत का पाहावे आणि एकेक पायरी चढवावी. पायऱ्या बारीक हव्यात. आमच्या मते खिशातील अँप्लिफायरची खरी परीक्षा तो किती मोठ्याने गातो यात नसून किती हळू आणि किती नीट गातो यात आहे.

पाचवा प्रश्न : ऐकायचे कोठे आणि वीज कोणाची? फोनाला लोंबकळणारी नळी फोनाची वीज खाते. प्रवासात फोन मेला तर घरी कळवायचे कसे, याचा विचार करावा. स्वतःची बॅटरी असलेली डबी फोनाला वाचविते. पण खिशात वजन, आणि आणखी एक गोष्ट रोज भारित करण्याचा व्याप. आणि एसटीत ऐकायचे असेल तर बळापेक्षा बंदिस्तपणा मोलाचा. बाहेरचा घरघराट आत आला की आपण त्याच्यावर मात करायला आवाज चढवितो. आमचा हेडफोन बंद पाठीचा आहे, बाहेरचा आवाज सुमारे अठरा डेसिबलने कमी करतो. कानात नीट बसणारी रबरी टोके थोड्या पैशांत मिळतात. ती मोठ्या अँप्लिफायरपेक्षा अधिक संगीत देतात, कारण बाहेरचा गोंगाट घटला की हळू आवाजही पुरतो.

या पाच प्रश्नांबरोबर एक सावधगिरी सांगतो. दोन यंत्रांची तुलना करताना जे किंचित मोठ्याने वाजते तेच आपणांस अधिक चांगले वाटते. हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे आणि दुकानदारास तो ठाऊक असतो. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज समान करून करावी. ५०-६० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावून वायरमनच्या साध्या मीटरने व्होल्ट मोजता येतात. आम्ही तसे केले. आमच्या जड डबीत आणि एका लहान नळीत, आवाज समान केल्यावर, आम्हांस फरक सांगता आला नाही. पुतण्याचे कान धड आहेत. डोळे मिटून बसविल्यावर त्यालाही आला नाही.

आता या धंद्यातली एक गोष्ट आम्हांस फार भावली, ती सांगतो. २०११ साली एका अभियंत्याने स्वतःचे नाव न सांगता 'ऑब्जेक्टिव्ह २' नावाच्या अशा खिशातील अँप्लिफायरचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, बाजारात मिळणारे साधे भाग, आणि प्रत्येक दाव्यामागे मोजमाप. महाग यंत्रांच्या मोठमोठ्या विशेषणांना त्याने आकड्यांनी उत्तर दिले. त्याच्याही आधी चू मोय नावाच्या गृहस्थांनी असाच सोपा आराखडा खुला केला होता आणि हौशी माणसे तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवीत. २०१२ नंतर तो निनावी अभियंता लिहायचा थांबला. पण आराखडा राहिला, आणि लोकांनी तो जगभर बांधला. ज्ञान कुलपात न ठेवता कामगाराच्या बाकावर आणून ठेवणारा हा माणूस आम्हांस आमच्या जातीचा वाटतो. त्याने शिकविलेली गोष्ट एवढीच : विशेषणे मागू नका, मोजमाप मागा.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा मुद्दा. १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने चाळीस तासांच्या आठवड्याचा करार मंजूर केला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून कानालाही चाळीस तासांचा आठवडा दिला : मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तास, मुलांनी ७५ वर चाळीस तास, त्याहून अधिक नाही. आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ वर वीस तास. ८६ वर दहा. ८९ वर पाच. ९५ वर आठवड्याला सव्वा तास. आमची जड डबी त्या ९५ वर सहज नेत होती, आणि आम्ही रोज सव्वा तास ऐकत होतो. सात दिवसांत सात आठवड्यांचा वाटा आम्ही खाऊन टाकीत होतो!

मागाचा हिशेब याहून वाईट आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबलवर आठ तास, ही अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९८ साली सांगितलेली मर्यादा. शंभर डेसिबलच्या खात्यात त्याच नियमाने पंधरा मिनिटे मिळतात. आमची पाळी बारा तासांची. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात, सरकारला कळविलेच पाहिजेत अशा आजारांत, झालेली होती. पण लहान शेडमध्ये तपासणीच होत नाही, मग कळविणार कोण? आम्ही स्वतः मजुरीसाठी कितीदा संप केले. कानात घालायच्या बोळ्यांसाठी एकदाही सनदेत ओळ घातली नाही. हा दोष मालकांचा जेवढा, तेवढा आमचाही. तो आज आपणांसमोर कबूल करतो. पुढच्या सनदेत ती ओळ असेल.

आमच्या युनियनमध्ये एक जुने मागवाले आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. चाळीस वर्षे मागावर काढलेली. गाण्याचे वेड असे की मिरजेचा उरूस कधी चुकविला नाही. एके संध्याकाळी कचेरीत आम्ही त्यांच्या कानाला आमचा हेडफोन लावला. मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने आम्ही विचारले, "काय मामा, येतंय का ऐकू?"

"बुवा गात्यात की," मामा म्हणाले, "पर तंबोरा कुठाय?"

तंबोरा होता. पुतण्याला तो स्वच्छ ऐकू येत होता. आमचा हात आपसूक खुंट्याकडे गेला. मामांनी तो धरला. "वाढवू नगंस," म्हणाले, "न्हाई ते न्हाई. हाय ते ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी आमची निवड झाली. जड डबी आम्ही निम्म्या किमतीला विकली आणि दोन व्होल्ट देणारी एक लहान नळी घेतली. आमच्या हिशेबाच्या अडीच व्होल्टांहून ती दोन डेसिबलने कमी आहे. ती उणीव आम्हांस आजवर जाणवली नाही. घरी, शांत खोलीत, एक पायरी ठरविली आहे. एसटीत बसलो तरी त्या पायरीच्या वर जात नाही; घरघराट वाढला तर गाणे बंद करतो आणि खिडकीबाहेर पाहतो. उरलेल्या पैशांतून खात्यातल्या पाच पोरांची कानतपासणी करविली. पाचांपैकी दोघांच्या आलेखात खड्डा निघाला. एक एकवीस वर्षांचा आहे.

तेव्हा आपणांपैकी कोणी असे यंत्र घेणार असेल तर एवढेच ध्यानी ठेवावे. आधी आपल्या हेडफोनचे दोन आकडे पाहावे, मग आपल्या भारावरचे व्होल्ट विचारावे, मग मुकादम पाहावा, मग शांतता ऐकावी, मग जागा आणि वीज यांचा विचार करावा. बहुतेकांचा हिशेब लहान यंत्राशीच संपेल, आणि खिशात पैसे उरतील. ज्यास खरोखर मोठे लागते त्याने मोठे घ्यावे. त्यास आमची ना नाही. आणि हे सारे करण्यापूर्वी एकदा कान तपासून घ्यावेत, कारण या साखळीतला सर्वांत महाग भाग तोच आहे, आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.